शेंदूर लावलेली बंदूक

खट्ट. वाळक्या फांदीवर गोधडी टाकून ती कुणी गुडघ्यावर मोडावी, तसा बसका आवाज. अप्पा, दसऱ्याच्या सकाळी तुमच्या मांडीवर बसून मी चाप ओढायचो आणि हा आवाज व्हायचा. करोल बागेतल्या आपल्या त्या दोन खोल्यांत वर्षातून एकदाच व्हायचा, म्हणून मी वर्षभर त्याची वाट पाहायचो. शाळेत मात्रा मोजायला शिकलो, तेव्हा मी ह्या आवाजाच्याही मात्रा मोजल्या होत्या आणि पाटीवर लिहून तुम्हाला दाखवल्या होत्या. तुम्ही चष्मा वर करून पाहिलंत आणि हसून म्हणालात, "बरोबर आहे. पण कुठल्याच गणात बसत नाही रे हा." तुम्हाला जाऊन चाळीसेक वर्षं झाली. मी स्वतः आता सत्तरी ओलांडून बराच पुढे आलोय. पण गेल्या आठवड्यापासून तो आवाज पुन्हा सुरू झालाय. जेवताना, पेपर वाचताना, खाली बागेत फिरताना. आणि तो झाला की मी जिथे असेन तिथे उभा राहतो. सुनेला वाटतं, मला चक्कर येते.

तुम्ही पूजा कशी करायचात ते मला पावलापावलाने आठवतं. आदल्या संध्याकाळी आपण दोघं रिजच्या टेकडीवरच्या जंगलात जाऊन कचनारची पानं आणायचो. दिल्लीत खरा आपटा कुठून मिळणार, दिसायला तेच जोडपान, म्हणून आपलं सोनं कचनारचं. सकाळी तुम्ही सोवळं नेसून बंदूक खुंट्यांवरून उतरवायचात, आणि उतरवताना तिचं तोंड नेहमी भिंतीकडे. पाटावर ठेवायचात. दस्त्याला हळदकुंकू, नळीला फूल. आणि मग वाटीत तेलात कालवलेला शेंदूर. घोडा जिथे आपटतो तिथे एक छोटा पोकळ खुंट असतो ना, त्याच्यावर तुम्ही तो शेंदूर बोटाने दाबून दाबून भरायचात, देवळातल्या मारुतीला लावतात तसा. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्याच होत्या, "अहो, शस्त्राला शेंदूर कुठे लावतात? कुठली रीत ही?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आमच्याकडची." मग कचनारचं एक पान दुहेरी घडी करून त्या खुंटावर ठेवायचं, आणि मगच मला मांडीवर घेऊन "ओढ" म्हणायचं. घोडा पानावर पडायचा. खट्ट. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "झालं का तुमचं? पुऱ्या गार होतायत." ती त्या वेळी बाहेर कधी आली नाही. आणि आक्का दाराच्या चौकटीत उभी असायची, एक पाय बाहेर ठेवून. ती माझ्याहून बरीच मोठी, मी जन्मलो तेव्हा ती शाळेत जात होती. मी म्हणायचो, "आक्के, तू पण ओढ ना." ती म्हणायची, "तूच ओढ. तू मोठा शूर." त्या खोलीत, त्या भिंतीखाली ती कधी झोपली नाही. उन्हाळ्यात स्वयंपाकघराची भट्टी व्हायची तरी ती आईजवळ तिथेच झोपायची. मी मात्र बंदुकीच्या बरोबर खाली खाट टाकून झोपायचो, आणि स्वप्नात पानिपतावर जाऊन यायचो.

कारण ती पानिपतची होती. तुम्हीच सांगितलं होतंत. आपल्या पूर्वजांपैकी कुणी एक त्या रणातून वाचला, ही बंदूक खांद्यावर टाकून पायी घरी गेला, आणि पिढ्यान् पिढ्या ती आपल्याकडे राहिली. "म्हणून हिला हात लावायचा नाही," तुम्ही म्हणायचात. "दसऱ्याला, माझ्या देखत, एकदाच. एरवी नाही. जिने एवढी माणसं पाहिली तिच्याशी खेळ करायचा नसतो." जानेवारीत बिरादरीतली मंडळी पानिपताजवळ काला अंबला जायची, तेव्हा तुम्ही मला नेहमी न्यायचात. धुक्यात त्या स्मारकापाशी उभं राहून तुम्ही शाळेतल्या पुस्तकातली ती कविता खालच्या आवाजात म्हणायचात आणि दुसऱ्या कडव्यानंतर तुमचा आवाज जायचा. पुढची कडवी मी म्हणायचो. मला कविता पाठ करायची सवय लागली ती तिथे, अप्पा. पुढे नोकरीतही लोक मला चिडवायचे, "साहेब फायलीवर शेरा पण चालीत लिहितात."

तुम्ही मला आयुष्यात एकदाच मारलंत. तेही आठवतं. दिवाळी जवळ आली होती, टिकल्या फोडायचे दिवस. तुम्ही ऑफिसात, आई खाली नळावर. मी खाटेवर उशा रचून चढलो आणि घोड्याखालच्या त्या खुंटावर एक टिकली ठेवली. नखाने शेंदूर थोडा खरवडून जागा केली, म्हणजे नीट बसेल. मला फक्त आवाज मोठा करायचा होता. तुम्ही नेमके लवकर आलात. दारातून तुम्ही कसे आलात ते मी पाहिलंच नाही, एकदम गालावर हात आला आणि मी खाटेवरून खाली. तुमचा चेहरा पांढरा पडला होता. मग तुम्ही मला छातीशी धरून इतका वेळ बसलात की मला श्वास घेता येईना. मला वाटलं, मी पूर्वजांचा अपमान केला म्हणून. त्या दिवशी तुम्ही दसरा नसताना शेंदूर कालवलात आणि पुन्हा लावलात. मी शेजारी बसून क्षमा मागत होतो, बंदुकीची.

आता जे झालं ते सांगतो. पत्र लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच, आणि इतका वेळ इकडचं तिकडचं लिहितोय, कारण तिथपर्यंत जायला हात धजत नाही.

येत्या रविवारी आपलं मंडळ काला अंबला जातंय. सचिव घरी आले होते. म्हणाले, "काका, यंदा ती बंदूक घेऊन या. स्टेजवर ठेवू. तुम्ही गोष्ट सांगा, कविता म्हणा. पोरांना काहीतरी बघायला मिळालं की बसतात, नाहीतर मोबाइलमध्ये." मला इतका आनंद झाला, अप्पा. मी त्याच दिवशी आरशासमोर उभं राहून कविता म्हणून पाहिली. तुमचा आवाज जिथे जायचा, तिथे माझाही गेला. नात कॉलेजात जाते, तिने दारातून ऐकलं आणि म्हणाली, "आजोबा, मस्त. पण एक मिनिट. पब्लिकमध्ये बंदूक? काही कागद तरी हवा ना, ही अँटीक आहे म्हणून. आणि प्लीज मेट्रोने नेऊ नका हं. सिक्युरिटीवाले तुम्हाला बिल्कुल सोडणार नाहीत, मला पण पकडतील." मी म्हटलं, "पानिपतची बंदूक कोण पकडेल?" ती म्हणाली, "यार आजोबा, मशीनला इतिहास नाही कळत."

तिच्या मैत्रिणीच्या आजी एका संग्रहालयात शस्त्रं सांभाळायच्या, आता निवृत्त आहेत, शेजारच्याच सोसायटीत राहतात. मयूर विहारात एवढ्या वर्षांत मी त्यांना भाजीवाल्याकडे किती वेळा पाहिलं असेल, मला काय ठाऊक. मला वाटलं होतं, बंदुकीचं वय सांगायला मिशीवाला कुणी निवृत्त फौजी येईल. आल्या त्या बारीक कापलेल्या पांढऱ्या केसांच्या, सुती सलवार-कमीज घातलेल्या, ठेंगण्या पंजाबी बाई. पिशवीत टॉर्च, भिंग, पांढरे हातमोजे आणि एक लांब लाकडी गज. मी चहाचं विचारलं. म्हणाल्या, "चाय बाद में, भाईसाहब. पहले इनसे मिल लूँ." बंदूक नातीच्या अभ्यासाच्या टेबलावर भिंतीला टांगलेली असते. मी ती उतरवली, तोंड भिंतीकडे ठेवून, तुमच्यासारखी. त्यांनी भुवई वर केली आणि म्हणाल्या, "अच्छी आदत है. किसने सिखाई?" मी अभिमानाने म्हटलं, "पिताजी ने."

मग त्यांचं लक्ष शेंदराकडे गेलं. "और ये नारंगी क्या है? प्लास्टर किया है क्या?"

"सिंदूर है, मॅडम. हम पूजते हैं."

"बहुत दिल से पूजते हैं," त्या म्हणाल्या, आणि नात हसली.

मला वाटलं होतं, त्या आधी भिंग काढतील. त्यांनी गज काढला. म्हणाल्या, कुठलीही जुनी ठासणीची बंदूक हातात आली की वय मागाहून, हे आधी. गज नळीच्या तोंडातून आत सरकवला. तो टेकला, तिथे त्यांनी नळीच्या तोंडाशी गजाला अंगठा लावला. गज बाहेर काढून नळीच्या शेजारी आडवा धरला. गज आत जेवढा गेला होता तेवढा बाहेरून ठेवला, तर त्याचं टोक नळीच्या मागच्या टोकापर्यंत पोचायला हवं होतं. चार बोटं कमी पडलं. त्यांनी पुन्हा गज आत घातला. हळू. पुन्हा तेच. खोलीत पंखाही नव्हता चालू, तरी मला काहीतरी फिरल्यासारखं वाटलं. त्या माझ्याकडे न पाहता नातीला म्हणाल्या, "बेटा, तुम ज़रा बाहर जाओ." मग मला म्हणाल्या, "भाईसाहब, ये भरी हुई है."

मी हसलो, अप्पा. खरंच हसलो. म्हटलं, "नहीं मॅडम, ऐसा कैसे? हम तो हर दसरे को इसका घोडा गिराते हैं."

त्यांनी बंदूक इतकी हळू खाली ठेवली की टेबलावर आवाजही झाला नाही. "कौन गिराता है?"

"पहले मैं गिराता था. अब…" मी दाराकडे बोट केलं. नात बाहेर गेलीच नव्हती. चौकटीत उभी होती, एक पाय बाहेर ठेवून. ती म्हणाली, "आजोबा, ती माझ्या डोक्यावर होती. बारावीचा सगळा अभ्यास मी तिच्याखाली केलाय." तिच्या तोंडचं यार, प्लीज, सगळं गळून पडलं होतं. शुद्ध मराठीत बोलली.

पुढचा तास कसा गेला ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मॅडमनी बंदूक बाथरूममध्ये नेऊन तोंड वर करून कोपऱ्यात टेकवली आणि मला म्हणाल्या, पाणी घाला. मी प्लास्टिकच्या निळ्या मगाने तिच्या तोंडात पाणी ओतत होतो. जिला कविता ऐकवत मी मोठा झालो, तिला मी मगाने पाणी पाजत होतो. निम्मं पाणी माझ्या पायजम्यावर. मी विचारलं, इतक्या जुन्या दारूत आता काय उरलंय? त्या म्हणाल्या, "सूखा रहे तो बारूद बूढ़ा नहीं होता, भाईसाहब. हम-आप होते हैं." त्या स्वतः शेंदूर खरवडत होत्या, आणि तो निघत नव्हता. पापुद्र्यावर पापुद्रा, तेल मुरलेला, दगडासारखा. शेवटी म्हणाल्या, "इसी ने बचाया है आप सबको. आग अंदर जाने का रास्ता ही बंद है. ऐसा बंद किया है जैसे किसी ने जानबूझकर किया हो."

तेव्हाही मला कळलं नाही, अप्पा. मी म्हटलं, श्रद्धा असते माणसाची.

बंदूक भिजत ठेवून मग त्यांनी चहा घेतला, आणि घोड्याशेजारच्या लोखंडी पट्टीवरचा जुना थर कापसाने पुसत पुसत तिचं वय सांगितलं. म्हणाल्या, पानिपतच्या काळात बंदूक पेटायची ती जळत्या तोड्याने, नाहीतर गारेच्या ठिणगीने. ही तांब्याच्या टोपीवर पेटणारी. टोपी घोड्याखालच्या खुंटावर बसवायची आणि घोडा पडला की आत ठिणगी. ही कल्पनाच माणसाच्या डोक्यात पानिपतनंतर कितीतरी वर्षांनी आली. पट्टीवर एक मुकुट दिसला, विलायती, आणि त्याच्या पुढे अठराने सुरू होणारा सनाचा आकडा. "आगे का आपकी इमली खा गई," त्या म्हणाल्या. मी दर दसऱ्याला चिंच-मिठाने तिचं पितळ आणि लोखंड चकचकीत करायचो ना. मी विचारलं, म्हणजे किंमत? त्या हसल्या. लोखंडाला किंमत नसते म्हणाल्या, खुणांना असते. कुणी घडवली, कुठे तपासली, कुठल्या पलटणीला दिली, हे सगळं त्या बारीक ठशांमध्ये. "ज़ंग से इतनी नहीं मरतीं जितनी प्यार से मरती हैं." इंग्रजांच्या फौजेतून निकामी म्हणून निघालेल्या अशा बंदुका दिल्लीत भंगारवाल्यांकडे पोत्यांनी मिळायच्या म्हणे. मी म्हटलं, "पण माझ्या वडिलांनी सांगितलं होतं." त्या कप खाली ठेवून म्हणाल्या, "सांगितलं असेल. वडील उगाच सांगत नाहीत." हिंदीतच म्हणाल्या, पण मला मराठीत ऐकू आलं, तुमच्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी त्या ओळखीच्या एका बंदूकसाजाला, बंदुका दुरुस्त करणाऱ्याला, घेऊन आल्या. परवाना असलेला, पोक्त माणूस. गजाच्या टोकाला स्क्रू लावून आतलं एकेक बाहेर ओढून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवत गेला. आधी कापडाचा बोळा. मग गोळी नव्हतीच, शिशाच्या चपट्या चकत्या निघाल्या, मधे भोक असलेल्या. मग पुन्हा कापडाचा बोळा. मग काळा चिखल, म्हणजे भिजलेली दारू. मॅडम भिंगातून पाहत होत्या, त्यांना त्या चकत्या कळेनात. मला भिंग लागलं नाही. त्या चकत्यांनी मी लहानपणी सागरगोट्यांसारखा खेळलोय. टपालाच्या थैल्यांची तोंडं सुतळीने बांधून त्यावर दाबायची शिशाची सीलं. सचिवालयातल्या तुमच्या आवक-जावकच्या टेबलाच्या खणात ती मूठमूठ पडलेली असायची.

आणि कापड. बोळा उलगडला तर हिरवा खण. काळा पडलेला, पण आतल्या घडीत अजून हिरवा, आणि कडेला लाल काठाची दोन बोटं. अप्पा, आईची दसऱ्याची चोळी आठवते? हिरव्या खणाची, पण एका बाहीला काठ वेगळाच, पिवळा. आम्ही तिला चिडवायचो, "आई, तुझा एक हात दुसऱ्याच बाईचा आहे." ती म्हणायची, "कापड कमी पडलं रे. शिंप्याने जोड दिला." आणि पदर ओढून ती बाही झाकायची. कमी पडलेलं कापड माझ्यासमोर वर्तमानपत्रावर होतं.

म्हणजे ही बंदूक कुठल्याही पूर्वजाने भरलेली नव्हती. तुम्ही भरली होती. झुरळ मारायलाही कचरणारे, दुसऱ्या कडव्याला रडणारे, ट्राममध्ये पाय लागला तर माफी मागणारे तुम्ही. आणि आईने आपल्या नव्या खणाचा काठ फाडून दिला होता. केव्हा, हे मला कुणी सांगायला नको. माझ्या जन्माच्या थोडं आधीचा, सत्तेचाळीसचा पावसाळा संपतानाचा काळ. करोल बागेत घरं जळत होती आणि कोण कुणावर चालून येईल याचा नेम नव्हता. घरात तुम्ही, आई आणि आठ वर्षांची आक्का. हे सगळं मी मॅडमना सांगितलं. मी म्हटलं, जमाव आला तर अडवायला भरली असणार. त्या खणाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ये एक ही बार चलती है, भाईसाहब. भीड़ के लिए कोई एक नहीं भरता." मग म्हणाल्या, "हमारे यहाँ कुआँ था." मी दिल्लीत वाढलोय, अप्पा, मला फाळणीतल्या त्या विहिरींच्या गोष्टी माहीत आहेत. त्यांच्या आईच्या दोन बहिणी त्या विहिरीत गेल्या होत्या. जमावाच्या हाती पडू नये म्हणून घरातल्या मोठ्यांनीच सांगितलं होतं.

त्या गेल्यावर मी त्याच खुर्चीत बसून होतो, संध्याकाळ झाली तरी. दिवा लावायचंही सुचलं नाही. सगळं आपोआप उलटं फिरत होतं. भिंतीकडे तोंड का. पान का. त्या खुंटावर शेंदूर का, नुसतं हळदकुंकू का नाही. तो गालावरचा हात का, आणि नंतर इतका वेळ छातीशी का. वेळ टळली, मी जन्मलो, पण भरलेली बंदूक तशीच राहिली. रिकामी करायची तर बार उडवायचा. सरकारी नोकराने, विनापरवाना, त्या दिवसांत, त्या गल्लीत? कुणाला विचारायचं तर काय सांगून? म्हणून तुम्ही तिचा देव केलात. शेंदराने तो खुंट बुजवलात, वर्षानुवर्षं, थर चढवत. आणि पोरांनी हात लावू नये म्हणून पानिपत सांगितलंत. माझी सगळी कविता, अप्पा, माझं सगळं धुकं, काला अंब, ती दुसऱ्या कडव्यानंतरची शांतता, हे सगळं एका चापावरचं कुलूप होतं? मग मला मांडीवर घेऊन तो चाप का ओढायला लावायचात? दर वर्षी खात्री करून घेत होतात का, की ती मेलीये? माझ्या बोटाने? आणि मूळ प्रश्न तर मी अजून विचारलेलाच नाही. मला तो लिहिता येत नाही. जमाव दाराशी आला असता, तर तुम्ही ती कुणाकडे वळवणार होतात? एकच बार. घरात दोघी.

विचारायला आता एकच माणूस उरलंय. आक्का गुरुग्रामला लेकीकडे असते. गुडघे गेलेत, कित्येक महिन्यांत जिना उतरलेली नाही. काल दुपारी मी तिला फोन केला. बंदुकीचं काही बोललो नाही. त्या वयात तिला कसं सांगणार? नुसतं सहज विचारल्यासारखं म्हटलं, "आक्के, आईच्या त्या हिरव्या चोळीला एका बाहीला जोड का होता गं?" पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं. मी "आक्का, आक्का" करत राहिलो. फोन कट झाला. पुन्हा लावला तर भाची म्हणाली, "मामा, आई जरा आडवी झालीये. उद्या बोला." मी म्हटलं, झालं, कशाला विचारलं मी.

हे पत्र तुम्हाला पाठवायचं कुठे? लहानपणी मी तुम्हाला विचारायचो, पत्ता नसलेल्या टपालाचं काय होतं? तुम्ही म्हणायचात, "ते आमच्याकडेच राहतं." तसं हे माझ्याकडेच राहील. रविवारी स्टेजवर मी काय सांगणार, ते मला माहीत नाही. सचिवांना अजून काही बोललो नाही. आणि एक कबूल करून टाकतो, दुसऱ्या कुणाजवळ बोलता यायचं नाही: मॅडम 'भरी हुई है' म्हणाल्या तेव्हा मी घाबरलो, पण 'पानिपतची नाही' म्हणाल्या तेव्हा मला जास्त लागलं. माझी नात त्या नळीखाली झोपत होती, आणि मला कवितेचं वाईट वाटत होतं. मी असा का आहे, अप्पा? तुम्ही मला असा का केलात?

बेल वाजतेय. नात उघडेल.

…

दोन ओळी लिहायला आत आलोय, पाणी न्यायच्या निमित्ताने. दारात आक्का आहे. भाचीच्या खांद्यावर भार टाकून, काठी घेऊन, स्वेटर उलटा घातलेला. तिला लिफ्टपर्यंत आणायलाच भाचीला वॉचमनची मदत घ्यावी लागली म्हणे. "सकाळपासून एकच हट्ट," भाची म्हणाली, "मामाकडे ने, आत्ताच्या आत्ता." नात तिला आत घ्यायला पुढे झाली, पण आक्का उंबऱ्यातच थांबली. एक पाय बाहेर. नातीच्या खोलीचं दार उघडं होतं, त्यातून ती रिकाम्या भिंतीकडे, खुंट्यांकडे बघत होती. मी म्हटलं, "आक्के, अगं कळवायचं तरी. बस आधी." ती बसली नाही. माझं मनगट धरलं. तिचा हात बर्फासारखा गार होता.

"रिकामी केलीस का रे ती?" आक्काने विचारलं.

मी हो म्हटलं. मग तिने बाहेरचा पाय आत घेतला.